साफ केलेलं टाकं

काकडआरती आटोपली आणि देवळाच्या भोंग्यावरून सरपंच लालासाहेब बोलायला लागले.

"समद्यांनी ध्यान देऊन ऐका. बुधवारी कराडवरनं तपासनीची मानसं येनार हायती. वरच्या माळावर बंगल्यांची वसाहत हुनार हाय, तिची पाहनी हाय. ती मानसं आपल्या टाक्यापाशी बी येनार. तवा वाट, देऊळ, टाकं, समदं लख्ख दिसलं पायजे. मागच्या वक्ताला बेडकापायी दोन गुन गेलं, ह्ये इसरू नगा."

गुंडातात्या म्हशीखाली बसला होता. धार काढता काढता तो मनाशीच हसला. तो बेडूक त्याला आठवत होता. स्वच्छतेच्या स्पर्धेची कमिटी आली तेव्हा टोपीवाले साहेब टाक्यात डोकावले, आणि नेमका त्याच वेळी बेडूक उडी मारून त्यांच्या बुटावर बसला. लालासाहेबांनी आठ दिवस कुणाशी धड तोंड उघडलं नव्हतं.

टाक्याची राखण गुंडातात्याकडे होती. कुणी नेमलेलं नव्हतं. रंगूबाई होती तोवर ती बघायची, ती गेली तेव्हापासून हा बघत होता. चार वर्षं झाली. पोरगा शिवतेज फौजेत, सून अंकिता त्याच्याबरोबर तिकडंच क्वार्टरमध्ये. घरात गुंडातात्या, एक म्हैस आणि कोनाड्यात ठेवलेली टाळांची जोडी.

टाकं वाडीच्या डोक्याशी होतं. माळाचा उतार जिथं संपतो तिथं काळ्या खडकातून बोटभर धार यायची, बारा महिने. कुणीतरी कधीकाळी घडीव दगड लावून तिच्याखाली टाकं बांधलेलं. धारेच्या तोंडाशी एक आडवा दगड होता, वरून गुळगुळीत, मध्ये खोलगट. तो रंगूबाईनं बसवला होता. लग्न होऊन आली त्या साली ओढ्यातून तिनं आणि गुंडातात्यानं तो पहारीनं ढकलत ढकलत वर आणला. त्यावर ती धुणं धुवायची. धुणं झालं की लुगड्याच्या ओट्यातून भाकरीचा तुकडा काढून दगडाच्या बुडाशी टाकायची आणि म्हणायची, "या पाव्हनं."

मग दगडाखालून एक मोठा, काळपट तांबडा खेकडा तिरका तिरका बाहेर यायचा. त्याची एक नांगी लहान होती, तुटून पुन्हा फुटल्यासारखी. तुकडा धरून तो मागच्या पावली आत जायचा.

रंगूबाई गेल्यावर गुंडातात्या आपलं धोतर, बंडी त्याच दगडावर धुवायचा आणि तुकडा टाकायचा. "या पाव्हनं" म्हणायला पहिल्यांदा त्याची जीभ रेटली नव्हती. मग रेटली. दिवसभरात कधी कधी तेवढंच काय ते तो कुणाशी तरी बोलायचा.

मंगळवारी सकाळी दिलावर मुलाणी चुन्याची बादली घेऊन आला. दिलावर गवंडी. दोघं एका शाळेत, एका बाकावर बसलेले. तालुक्यातल्या निम्म्या घरांना त्याचा हात लागलेला होता.

"गुंडा, लेका, उठ. आज टाक्याला नवरा करायचा."

"तू काय, तुला चुना दिसला की लगीन दिसतंय."

"मग! माज्या लग्नात भिताडाला लावला हुता, नवरी त्याच्यापेक्षा काळी निगाली."

"जरिनावैनीला सांगू का?"

"सांग की. ती म्हनंल, ह्यास्नी तवा बी दिसत नव्हतं."

दोघांनी कामाला हात घातला. गुंडातात्यानं काठावरचं शेवाळ खुरप्यानं खरवडलं. भिंतीच्या सांध्यांतून नेच्याची झुडपं वाढली होती, हिरवीगार, पिसांसारखी. ती उपटली. वाळकी पानं घमेल्यात भरून लांब नेऊन टाकली. मग धार तोंडाशी चिंधी कोंबून बाजूला वळवली आणि टाकं उपसायला घेतलं. बादलीमागून बादली. कंबर भरून आली. तळाशी गुडघाभर पाणी उरलं तेव्हा त्यात बोटाएवढे मासे चकाकायला लागले, खेकड्यांची पिल्लं पळायला लागली.

"ह्यांचं काय करायचं?" दिलावरनं विचारलं.

"वड्यात सोडू. मरू देऊ नगं कुनाला."

त्यांनी बादलीतून खेकडे, बेडूक, हाताला लागले तेवढे मासे ओढ्यात नेऊन सोडले. ओढ्याला पाणी कमीच होतं. दिलावर पहार घेऊन परत आला आणि त्यानं ती रंगूबाईच्या दगडाखाली घातली.

"त्यो नगं," गुंडातात्या म्हणाला.

"आरं, ह्याच्या बुडाला समद्यात जास्त घान असती."

"असू दे. त्यो हलवायचा न्हाई."

दिलावरनं त्याच्याकडे बघितलं, पहार काढून घेतली आणि चुना कालवायला बसला.

दुपारी शिपाई पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची पिशवी ठेवून गेला. एरवी चमचाभर टाकतात. गुंडातात्यानं विचार केला, शहरातली माणसं येणार, पाणी तपासणार. त्यानं ओंजळभर टाकली. मग आणखी ओंजळभर. संध्याकाळी धार पुन्हा टाक्यात सोडली. वास नाकाला झोंबत होता. पण काठ पांढरेशुभ्र झाले होते आणि पाणी असं नितळ की तळाचा दगड न् दगड मोजावा. गुंडातात्या कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. रंगूबाईनं बघायला पाहिजे होतं, असं त्याला वाटलं.

बुधवारी गाडी आली. गाडीतून एकच मुलगी उतरली, पाठीवर पिशवी, पायात गमबूट. उत्कर्षा नाव. लालासाहेब नारळ घेऊन उभे होते, त्यांना वाटलं मागून साहेब येतील. मागून कुणी आलं नाही.

"ताई, ह्ये तपासतात म्हंजे काय तपासतात?" दिलावरनं विचारलं.

"वर बंगले होणार ना, काका. कंपनीला त्या वसाहतीसाठी हरित प्रमाणपत्र हवंय. पर्यावरणाला धक्का न लावता बांधणार, असं. ते खरंच तसं होणार का, हे आम्ही बघतो. पाणी कुठून घेणार, खडक किती फोडणार, खाली राहणाऱ्यांचं काय होणार."

"मंग बघा की, समदं स्वच्छ हाय," लालासाहेब म्हणाले. "पंचक्रोशीत आसं टाकं दाखवा तुमी."

उत्कर्षा टाक्याच्या काठावर गुडघ्यांवर बसली. तिनं जाळी फिरवली, बारीक मच्छरदाणीसारखी. जाळी कोरी आली. पुन्हा फिरवली. भिंतीचे सांधे बघितले. भिंगातून काठ बघितला. चुना तिच्या गुडघ्यांना लागला.

"काका, इथं काही राहतं का? मासे, खेकडे, बेडूक?"

गुंडातात्याची छाती फुगली. एवढ्या माणसांत त्याला पहिल्यांदा कुणी काही विचारत होतं.

"छ्या छ्या, ताई. एक ठेवला न्हाई. किडामुंगी सुदिक घावनार न्हाई तुमास्नी."

"नेहमीच असं असतं?"

"नेमी," लालासाहेब मध्येच म्हणाले.

गुंडातात्यानं मान डोलावली. तिनं वहीत लिहिलं. बाटलीत पाणी भरून घेतलं. जाताना तिनं पुन्हा एकदा वळून टाक्याकडं बघितलं, घरात कुणी नसताना हाक मारून बघावी तसं.

त्या रात्री लालासाहेबांनी गुंडातात्याला चहाला बोलावलं. असं चार वर्षांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं धुणं धुतलं, तुकडा टाकला. "या पाव्हनं," म्हणाला. तुकडा पाण्यात फुगला. त्याचे पापुद्रे सुटले. दगडाखालून कोणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी टाक्याच्या कोपऱ्यात दोन मासे उताणे तरंगत होते, हातातून निसटून कुठल्या तरी फटीत दडलेले. त्यानं ते उचलून मोगऱ्याच्या झाडाबुडी पुरले. मग दगडापाशी जाऊन बसला. हात घालून बघावं असं वाटलं. घातला नाही. आत मेलेलं हाताला लागलं तर? रंगूबाईला दवाखान्यातून आणलं तेव्हा तिच्या पायांना हात लावून बघितलं होतं त्यानं, तो गारवा अजून बोटांत होता.

रोज तुकडा टाकायचा आणि रोज तो विरघळायचा. एप्रिल गेला. शेणखत पसरून झालं, नांगरट झाली. शेतावरून येताना तो वाकडी वाट करून टाक्यावर यायचा. चुना उन्हानं डोळ्यांवर यायचा. शेवाळ पुन्हा धरत नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पंचायतीच्या फळ्यावर चार पानं टाचली गेली. अहवालाचा मराठी सारांश, तीस दिवसांत हरकती कळवाव्यात. लोकांनी बंगले किती, नोकऱ्या किती, एवढं वाचलं आणि गेले. गुंडातात्या चौथी शिकलेला. तो उभा राहून बोट धरून सगळं वाचत होता. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

'उताराच्या पायथ्याशी असलेल्या दगडी टाक्यात कोणतेही जलचर आढळले नाहीत. स्थानिक ग्रामस्थांच्या माहितीनुसारही येथे सजीवसृष्टी नाही. सदर टाके निव्वळ साठवणीचे असल्याने त्याभोवती संरक्षित पट्टा ठेवण्याची आवश्यकता दिसत नाही. प्रवेशरस्त्यासाठी लगतचा खडक कापता येईल.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग दिलावरला हाताला धरून आणलं आणि त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं.

दिलावरनं वर माळाकडं बघितलं. "लगतचा म्हंजे त्योच. धारंचा खडक."

"कापला तर?"

"गुंडा, मी चाळीस साल दगूड फोडतूय. वरचा खडक हालला की खालचं पानी वाट बदलतंय. मंग कुटं जातंय, अल्लालाच ठावं."

"स्थानिक ग्रामस्थ," गुंडातात्या म्हणाला. "म्हंजे मी."

रात्री शिवतेजचा फोन आला. आवाज मध्ये मध्ये तुटत होता.

"आबा, जेवला का?"

"जेवलू. तिकडं थंडी हाय का?"

"हाय. आबा, वसाहतीचं कुटवर आलं?"

गुंडातात्यानं टाक्याचं सांगितलं. पलीकडं नुसती खरखर झाली. फोन तुटला असं त्याला वाटलं.

"आबा, दोन वर्सांत मी रिटायर हुतूय. लालासाहेब म्हनलेत, तिथं सिक्युरिटीचं बघू. मी गावात येऊन ऱ्हाईन. तुमाला बी सोबत हुईल. एका टाक्यापायी तुमी मध्ये पडू नगा."

"सोबत," गुंडातात्या म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई. ऊब धरून ऱ्हा."

सोबतीचं आमिष खोटं नव्हतं. ते त्याला दिवसभर कामात आठवत राहिलं. शिवतेज ओसरीवर बसलेला, अंकिता चुलीपाशी, नातवंडं अंगणात. म्हशीला वैरण टाकताना त्यानं ते चित्र एवढ्या वेळा बघितलं की म्हैस वैरणीसाठी हंबरली तेव्हा तो दचकला.

शुक्रवारी दिलावर बादली घेऊन दारात उभा. बादलीवर ओलं फडकं.

"काय हाय?"

"उघड."

आत सात-आठ खेकडे एकमेकांवर चढत होते.

"नदीवरनं आनलं. माज्या पोरानं, मुजीबनं धरून दिलं. टाक्यात सोडू. त्या पोरीला फोन करू, म्हनू, ये आन् बघ. झालं काम."

गुंडातात्या बराच वेळ बादलीत बघत राहिला. त्यातला एकही लहान नांगीचा नव्हता.

"ह्ये नदीचं हायती, दिलावर."

"खेकड्याला काय आधारकार्ड आसतंय?"

गुंडातात्याला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. "एकदा खोटं बोललू मी, न कळता. आता कळून बोलू?"

"तू खोटं बोललास? तू साफ केलंस. ह्यात खोटं कुटलं?"

"त्येच मला बी समजंना झालंय. जा, सोड ह्यास्नी नदीत. जीव नगं घेऊस."

"तुज्यापायी मी कराडच्या घाटापतूर ग्येलतू, येड्या," दिलावर म्हणाला, आणि बादली उचलून गेला.

त्याच आठवड्यात सप्ताह लागला. संध्याकाळी कीर्तनाला इस्लामपूरकडचे एक महाराज उभे राहिले, तरणे, आवाज मोकळा. देवळापुढं मांडव, दोन्ही बाजूंना टाळकरी. गुंडातात्याची जागा पूर्वी पुढच्या ओळीत, मृदंगाच्या शेजारी होती. त्याचा सूर धारेवर तयार झालेला. रंगूबाई धुणं धुवायची आणि हा टाक्याच्या काठावर बसून म्हणायचा. "तुमी हितंच म्हना," ती म्हणायची, "पानी सूर धरून ऱ्हातंय." ती गेल्यावर पहिल्याच सप्ताहात त्याचा आवाज मध्येच घसरला, पुढच्यांनी मागं वळून बघितलं. तेव्हापासून तो मागच्या ओळीत उभा राहायचा, टाळ वाजवायचा, तोंड उघडायचा नाही.

महाराज निरूपणात आले. टाळ थांबले.

"पाव्हणा येनार म्हनलं की आपुन काय करतो, माउली? घर आवरतो. बायको म्हनती, ती फाटकी गोधडी आत टाका, ती चेपलेली तपेली पालथी घाला. बरं, पाव्हणा म्हंजे देव असंल तर? तर आपुन आनखी आवरतो. राग आत टाकतो, रडू आत टाकतो, आन् देवापुढं कोरं करकरीत होऊन बसतो. देव येतो, इकडं बघतो, तिकडं बघतो, आन् म्हनतो, हितं कोन ऱ्हातच न्हाई वाटतं. आन् जातो! आरं, त्यो तुजा पसाराच बघाय आला हुता. त्या पसाऱ्यात तू हुतास रं!"

मांडव हसला. मृदंगावर थाप पडली, पुन्हा नाम सुरू झालं. गुंडातात्याचे टाळ ठेक्यावर पडले नाहीत. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. त्याला काही दिसत नव्हतं. त्यानं टाळ छातीशी धरले, आवाज होऊ नये म्हणून, आणि कीर्तन संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

सकाळी पहिल्या एसटीनं तो कराडला गेला.

पत्ता अहवालाच्या पानाखाली होता. तिसरा मजला. बाहेरच्या बाकावर तो दोन तास बसला. आत पंखा फिरत होता, पण बाहेर वारं येत नव्हतं. टोपी काढून मांडीवर ठेवावी की डोक्यावर, हे त्याला कळेना. शिपायानं दोनदा विचारलं, "कुणाकडं काम हाय, मामा?" दुसऱ्यांदा तो म्हणाला, "माफी मागायची हाय." शिपाई हसला आणि आत गेला.

उत्कर्षा बाहेर आली. तिनं त्याला ओळखलं, पण नाव आठवेना.

"टाक्याचे काका ना?"

"व्हय. ताई, मी तुमास्नी खोटं सांगितलं."

त्यानं सगळं सांगितलं. शेवाळ, नेचे, उपसा, पावडर. किती ओंजळी, ते हात करून दाखवलं. मासे पुरल्याचं सांगितलं. रंगूबाईचं आणि पाव्हण्याचं सांगायचं नव्हतं त्याला, तेही तोंडातून गेलं. उत्कर्षा भिंतीला टेकून उभी होती.

"मला शंका आली होती," ती म्हणाली. "ओला चुना होता. वासही होता. मी विचारलं तुम्हाला."

"व्हय. इचारलंत."

"मग?"

"तुमी पाव्हण्या हुता."

ती आत गेली. मग तिनं कागद आणला.

"हे लिहून द्यावं लागेल, काका. तुमच्या नावानं. मी फक्त दिसतं ते लिहू शकते. तुम्ही लिहून दिलंत तर फेरपाहणी मागता येईल. पण काही सापडलं पाहिजे. आणून सोडलेलं नाही, तिथंच राहणारं. नुसतं पूर्वी होतं म्हणून चालत नाही."

"आन् घावलं न्हाई तर?"

"तर जे लिहिलंय तेच राहील."

त्यानं लिहिलं. अक्षरं कलती झाली. 'मी गुंडा रामू, राहणार धामणवाडी, मी स्वतःच्या हातानं टाकं साफ केलं व पावडर टाकली.' सहीपाशी त्याचा हात थांबला. तिला वाटलं, पेनातली शाई संपली असेल, आणि तिनं दुसरं पेन पुढं सरकवलं. त्यानं ते हळूच मागं सारलं आणि सही केली.

चार दिवसांत वाडीत बातमी फुटली. लालासाहेब टाक्यावरच आले.

"तात्या, सोताच्या गावाला घान म्हनून लिवून दिलंस?"

"घान न्हाई लिवली, सरपंच. साफ केलं म्हनून लिवलं."

"येकच की! आन् तुज्या पोराच्या नोकरीचं मला इचारू नगंस आता."

"त्यानं मला बी फोन केला न्हाई," गुंडातात्या म्हणाला.

फेरपाहणी जूनच्या पहिल्या सोमवारी ठरली. तोवर टाक्याला हात लावायचा नाही, एवढंच उत्कर्षानं सांगितलं होतं. तेच सर्वांत अवघड गेलं. पिंपरणीची पानं पाण्यात पडत होती, ती काढायची नाहीत. काठावर पक्ष्यांनी घाण केली, ती धुवायची नाही. तो काठावर हात मांडीखाली दाबून बसायचा. पाण्याला येणाऱ्या बाया हसायच्या. "काय तात्या, टाकं राखताय का घान राखताय?" लोक त्याच्याकडं थांबेनासे झाले. दिलावर तेवढा यायचा, तंबाखू मळून द्यायचा, आणि तोही काम असलं की जायचा. ढग यायचे आणि जायचे. पाऊस नव्हता.

सोमवारी उत्कर्षा आली. या वेळी नारळ नव्हता, लालासाहेबही नव्हते. ती, गुंडातात्या आणि दिलावर. सकाळपासून ती जाळी फिरवत होती. पाण्यावर चार-दोन निवळ्या फिरत होत्या, त्या बघून गुंडातात्या आशेनं पुढं झाला.

"ह्या चालत्याल?"

"ह्या कुठंही येतात, काका. उडत येतात."

अकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. तिनं टाक्याच्या चारी बाजू, बाहेर पडणारं पाणी, खालची ओल, सगळं बघितलं. मग धारेच्या तोंडाशी आली आणि त्या आडव्या दगडापाशी थांबली.

"पावडर इथवर आली नसेल. पाणी इथून खाली जातं. हा दगड साफसफाईत हलवला होता?"

दिलावरनं गुंडातात्याकडं बघितलं.

"न्हाई," गुंडातात्या म्हणाला.

"हलवता येईल?"

धार तेवढी वाजत होती. त्या दगडाच्या पोटाखालून जाताना ती घुमायची, तोच तिचा सूर होता. छत्तीस वर्षं दगड जागचा हलला नव्हता. त्याच्या खोलगटीत रंगूबाईच्या हाताची झीज होती.

"राहू दे, काका," उत्कर्षा म्हणाली. "मी काही जबरदस्ती करत नाही."

"पहार आन," तो दिलावरला म्हणाला.

पहार त्यानं स्वतः घातली. दिलावर हात लावायला पुढं झाला, तर म्हणाला, "थांब." एकट्यानं रेटली. मनगटाच्या शिरा टरारल्या. दगड आधी हललाच नाही, मग एक ओला आवाज करून उचलला. उत्कर्षा पोटावर झोपली होती, गाल जमिनीला लावून. हातात बॅटरी.

"धरून ठेवा. सोडू नका. काका, सोडू नका हां."

"काय हाय?"

"बघा."

दिलावरनं पहारीवर भार घेतला आणि गुंडातात्या तिच्या शेजारी चिखलात आडवा झाला.

खडकाच्या कपारीत, धार जिथून निघते तिथं, मोठा खेकडा अंग चोरून बसला होता. उजेडाकडं त्यानं एक नांगी उगारली. दुसरी लहान होती. पोटाखालची झडप थोडी उघडली होती आणि तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं, पन्नास असतील, शंभर असतील, एकमेकांना धरून वळवळत होती.

"मादी आहे," उत्कर्षा हळू आवाजात म्हणाली. "पिल्लं पोटाशी घेऊन या बाहेर पडत नाहीत. खातसुद्धा नाहीत."

"पाव्हनं न्हवं," गुंडातात्या म्हणाला. "पाव्हनी."

त्याच्या गालाला चिखल लागला होता. तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

तिनं फोटो काढले. आणखी दोन बारीक खेकडे, गोगलगाई, एक पांढुरका किडा, त्याचं तिलाही नाव ठाऊक नव्हतं. वहीत लिहिताना ती बोलत होती, जणू कुणाला ऐकवायला नव्हे तर स्वतःलाच. "बारमाही झरा. उगमाशी प्रजनन. खडक कापू नये. संरक्षित पट्टा ठेवावा." मग मान वर केली. "मी एवढंच लिहू शकते, काका. पुढं ते ठरवतील. पण हे लिहिलंय म्हटल्यावर कुणाला नाही असं म्हणता येणार नाही."

"तेवढंच पायजे हुतं."

"दगड होता तसा ठेवा. अगदी होता तसा."

गाडी गेली. दोघांनी दगड खाली घेतला. बसला नाही. थोडा डावीकडं घेतला. एक कोपरा उचललेलाच राहिला. दिलावरनं खपलीएवढी दगडाची कपची घडवली आणि कोपऱ्याखाली सरकवली, हातानं दाबून बघितलं, डोळा बारीक करून पातळी बघितली. चाळीस वर्षांत त्यानं कुठला दगड असा तीनदा बसवला नसेल.

"बसला की रं," तो म्हणाला.

"बसला," गुंडातात्या म्हणाला.

दिलावर पहार खांद्यावर टाकून गेला. वाट उतरताना एकदा थांबला, मग गेला.

गुंडातात्या काठावर बसला. ऊन कलत होतं. फोन बंडीच्या खिशात होता, वाजत नव्हता. त्यानं धोतराच्या ओट्यातून भाकरीचा तुकडा काढला, मग तिचं सध्या खाणं नाही हे आठवून पुन्हा ठेवला.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. धार वेगळी वाजत होती. घुमत होती, पण पूर्वीसारखी नाही. सूर अर्ध्या पट्टीनं वर गेला होता. दुसऱ्या कुणाला कळला नसता. ज्या सुरावर रंगूबाई कपडे आपटायची तो आता नव्हता, आणि दगड किती वेळा उचलून ठेवला तरी येणार नव्हता.

तो ऐकत राहिला. बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग घसा खाकरला, आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा नामाचा पहिला शब्द उचलला. त्याचा सूर धारेच्या सुराखाली पडला.

तो थांबला. दगडावर तळवा ठेवला, ओला, अजून पहारीच्या खुणेचा. मग सूर थोडा वरून पुन्हा उचलला.